समुद्राखालचे बावन्न सेकंद

गाणं गुणगुणताना माणसं वरची चाल धरतात. तोकिको शिओमी खालचा सूर धरायची. रेडिओवर एखादं प्रेमगीत लागलं की कचेरीतल्या बाकीच्या बायका चालीबरोबर मान डोलवायच्या, आणि ही आपली भिंतीपलीकडे कुणी जड कपाट सरकवावं तशी हूं... हूं... हूं करत बसायची. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हिचं पोट बिघडलंय.

ती कुणी प्रसिद्ध बाई नव्हे. तिची गाणी मात्र लाखो घरांतल्या टीव्हींतून वाजली. टीव्हीवर खेळायचा खेळ संपला की पडद्यावर नावांची यादी यायची, त्यात खरी नावं द्यायची नाहीत असा त्या वेळी आमच्या धंद्यात दंडकच होता, कारण नाव कळलं की दुसरी कंपनी माणूस पळवायची. मग जो तो टोपणनाव घ्यायचा. तोकिकोचं टोपणनाव 'गार शेवया', कारण उन्हाळ्याच्या दुपारी ती दुसरं काही खायची नाही. आता ज्या खेळात तिचं समुद्राखालचं गाणं होतं तो लहानपणी खेळलेली, टक्कल पडलेली माणसं विचारतात, ते गाणं कुणाचं? गार शेवयांचं, असं उत्तर मिळतं. मला खरं नाव ठाऊक आहे आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, तेव्हा लिहून टाकलेलं बरं.

आमची कंपनी ओसाकात, तेन्माच्या बाजाराच्या मागे. मोठ्या दुकानांच्या गच्चीवर नाणं टाकलं की डुलणारे लाकडी घोडे असत ना, ते ती बनवायची. घोडे खपेनासे झाले तेव्हा घरच्या टीव्हीला जोडायचे खेळ बनवू लागली. संगीताची खोली म्हणजे घोडे रंगवायची जुनी खोली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून तिच्या चारी भिंतींवर बंद पडलेल्या एका लॉजच्या गाद्या टांगल्या होत्या, निळ्या, बगळ्यांची नक्षी असलेल्या. दार लावलं की बाजार एकदम लांब जायचा. ऑगस्टात बाहेर झाडांवर झिलकीटक, म्हणजे दिवसाचे रातकिडेच, करवत चालवल्यासारखे ओरडत असायचे आणि आत नुसती शांतता, जुन्या रंगाचा वास आणि भिंतीवरून उडणारे कापसाने फुगलेले बगळे. गाणं ऐकताना पंखाही बंद करायचा, कारण त्याची घरघर नेमकी खालच्या सुराच्या जागी येऊन बसायची. त्या उकाड्यात बसलं की पाच मिनिटांत माणूस जागा आहे की झोपलाय ते त्यालाच सांगता येत नसे.

तोकिकोला ते कधीच सांगता येत नसे. कॉलेजात चार वर्षं सुरांच्या मेळाचं शास्त्र शिकलेली, वयाने एकतीस. आमच्याकडे येण्याआधी आठ वर्षं एका मोठ्या दुकानाच्या सहाव्या मजल्यावर घरगुती ऑर्गन विकायला वाजवून दाखवायची. गिऱ्हाईक आलं की वाजवायचं, भाव विचारला की मधेच थांबायचं. आठ वर्षांत एकही गाणं शेवटापर्यंत वाजवलं नाही, असं ती हसत सांगायची. आमच्याकडे तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. मुदत ऑगस्टअखेर संपत होती. दुकानातली जागा तोवर दुसरीला गेलेली. नव्या खेळातली आठ गाणी आमचे विभागप्रमुख नोनोगाकीसान यांची, नववं, समुद्राखालचं, तिचं. ते खेळात राहिलं तर ती राहणार, ते निघालं तर ती ओनोमिचीला आईबापांकडे परत जाणार. हे नोनोगाकीसाननी तिला तोंडावर सांगितलं होतं. आडपडदा ठेवायची त्यांना सवय नव्हती, मलाही नाही, म्हणून आमचं जमायचं.

माझं काम आकड्यांचं. मी ताकेनाका, गणिताची पदवीधर. संगीतवाले कागदावर सूर लिहून देत आणि मी ते यंत्राला कळतील अशा आकड्यांत घालायची. ते यंत्र म्हणजे भिकारडं प्रकरण होतं. त्याला एका वेळी तीनच सूर काढता यायचे, वरचा, मधला आणि खालचा. चौथा आवाज म्हणजे नुसती खरखर, ती ढोल म्हणून वापरायची. झालं. एवढ्यात समुद्र, आकाश, युद्ध, लग्न, सगळं बसवायचं.

आता सा, ग आणि प एकदम वाजले की एक मेळ होतो, हे कुणालाही पेटीवर बोटं ठेवून पाहता येईल. त्यात सा म्हणजे घराचं जोतं. प म्हणजे भिंती. घरात आज काय चाललंय, बारसं की सुतक, ते सांगतो ग. तो शुद्ध असला तर आनंद, कोमल असला तर उदास. तोकिकोच्या प्राध्यापकांनी तिला घोकून घेतलं होतं की सूर कमी पडले तर प सोडावा, ग कधी सोडू नये. ती ते देवाच्या नावासारखं पाळायची. खाली सा, मध्ये ग, वर चाल. चोख.

समुद्राच्या गाण्यासाठी तिने तीन आठवडे घेतले. मी चिडले होते. सकाळी यायची, बगळ्यांकडे बघत बसायची, दुपारी गार शेवया खायची आणि नाहीशी व्हायची. एकदा मागे गेले तर ही गल्लीतल्या सार्वजनिक स्नानगृहात. दुपारी तीनची वेळ, हौदात दोन म्हाताऱ्या आणि ही, नाक धरून डोकं पाण्याखाली. स्नानगृहाची मालकीण काठावर उभी राहून ओरडत होती, की पोरी, केस हौदात बुडवायचे नाहीत ही पाटी काय मी माझ्या नवऱ्यासाठी लावलीय? तोकिको वर आली, लालबुंद, आणि मला म्हणाली, पाण्याखाली पुरुषांच्या बाजूच्या बादल्यांचा आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. सगळीकडून येतो. आणि मग पुन्हा बुडाली. मालकिणीची माफी मी मागितली.

गाणं झालं ते मात्र असं, की मी आकडे घालता घालता थांबले. सावकाश, पावलं न वाजवता येणारं. बावन्न सेकंदांचं एक आवर्तन आणि मग पुन्हा पहिल्यापासून, कारण खेळातलं गाणं संपत नाही, पोरगं खेळत असेल तोवर फिरत राहतं. नोनोगाकीसाननी टेप ऐकली. ते पूर्वी नाइटक्लबात ट्रॉम्बोन वाजवायचे आणि मार्च, म्हणजे बँडची कवायतीची धून, सोडून दुसऱ्या कशाला संगीत मानत नव्हते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "बाई, हे ऐकून मला माझ्या दाढदुखीचाही विसर पडला. आता खेळात घाला."

खेळात घातलं, आणि गाणं मेलं.

झालं ते असं. यंत्राला तीनच सूर, आणि खेळातले आवाजही त्यातूनच काढायचे. उडी मारली, नाणं मिळालं, दार उघडलं की एक सूर क्षणभर गाणं सोडून तिकडे धावतो. आमच्याकडे हे काम मधल्या सुराला दिलेलं असायचं, कारण वरचा पळाला तर चाल तुटते, खालचा पळाला तर जमीन. समुद्राखाली नायकाच्या तोंडातून बुडबुडे निघत होते, दर तीन सेकंदांनी, ब्लुप. हवा संपत आली की दर सेकंदाला. आणि प्रत्येक ब्लुपला मधला सूर निघून जायचा, म्हणजे ग निघून जायचा. उरायचे खालचा सा आणि वर चालीतला प. आनंद नाही, दुःख नाही, रिकामं घर. एका बुडीत वीस-पंचवीस वेळा. टेपवर ऐकताना कुणी पोहत नव्हतं, म्हणून कळलं नव्हतं. ज्या पोरी संगीत शिकून या धंद्यात आल्या त्या सगळ्यांनी ही चूक एकदा केली आहे. ज्यांना शास्त्र येत नव्हतं त्यांची ही चूक होत नसे, कारण ते ग कुठेही टाकायचे.

नोनोगाकीसान पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले की याला गाणं म्हणायचं तर आमच्या म्हातारीच्या कवळीला हास्य म्हणावं लागेल. नऊ दिवसांनी खेळ कारखान्यात जाणार होता. तिथे तो एकदा खेळाच्या पट्टीतल्या चिपमध्ये कोरला की नंतर एक टिंबही हलवता येत नाही. त्यांच्याकडे एक जास्तीचा मार्च तयार होता. आठ दिवस देतो, म्हणाले, नवव्या दिवशी मासे माझ्या मार्चवर पोहतील.

बुडबुडे काढून टाकता येत नव्हते, ते नसले तर हवा संपतेय हे पोराला कळणार कसं. मी माझ्या परीने उपाय काढला. एकाच सुराला सा, ग, प असं भराभर फिरवलं की कानाला तिन्ही एकदम वाजल्याचा भास होतो. सगळे वापरायचे ही युक्ती. मी अर्ध्या तासात करून दाखवली आणि माझ्यावर खूश होऊन बसले.

तोकिकोने ऐकलं. "थंडीने कुडकुडतंय," ती म्हणाली.

"वाजतंय तर ना."

"ताकेनाकासान, समुद्राखाली कुणी कुडकुडत नाही हो."

मला राग आला. म्हटलं, तू समुद्राखाली राहिलेली दिसतेस. ती म्हणाली, हौदाखाली राहिलेय. 

पाच दिवस गेले. मी रोज तारखेवर बोट ठेवायची आणि ती रोज नुसती ऐकायची. पंखा बंद, दार बंद. माझ्याकडून एकेक सूर बंद करून घ्यायची. आता वरचा नको. आता मधला नको. आता फक्त खालचा. दुपारी दोनच्या त्या उकाड्यात नुसता खालचा सूर गाद्यांच्या भिंतींत फिरायचा, गोल, मऊ, आणि त्याच्याबरोबर ती आपली हूं... हूं... करायची. बार्लीचा गार चहा उकाड्याने कोमट होऊन जायचा. एकदा मला स्वप्न पडलं की भिंतीवरचे बगळे चालत चालत छतावर गेले. जागी झाले तर तोकिको कागद खोडत होती. डोळे उघडे होते, पण मी तिला दिसत असेन असं वाटत नाही.

सहाव्या दिवशी तिने नवा कागद ठेवला. चाल तीच होती. तिने ग उचलून खाली, अगदी तळाला नेला होता. सा वर, चालीत. मध्ये उरला प, तोच प, जो गेला तरी चालतो असं प्राध्यापकांनी सांगितलं होतं. बुडबुड्याने त्याला खुशाल न्यावं.

मी म्हटलं, हे चुकलंय. जोत्याच्या जागी सा पाहिजे. मेळ ग-वर उभा केला की उभाच राहत नाही, आता पडेल की मग पडेल असं वाटत राहतं.

"तरंगतो," ती म्हणाली.

मी आकडे घातले. ती बरोबर होती, मी नव्हते. तोच मेळ, तेच तीन सूर, पण खालचा सूर जमिनीला टेकत नव्हता. खोली थोडीशी हलल्यासारखी वाटली. मी नायकाला पाण्यात सोडला. ब्लुप झालं, आणि काहीच गेलं नाही. मी दोनदा, चारदा तपासलं. मग एका जागी मला वाटलं, काहीतरी काळवंडलं. ढगाची सावली पाण्यावरून जावी तसं. मी म्हटलं, शिओमीसान, इथे एक चूक राहिलीय. इथे तू मध्ये सा ठेवलायस, बुडबुडा आला की सा जातो आणि ग-प दोघेच उरतात.

ती खोडरबर उचलेना, म्हणजे चूक नव्हती.

पेटीवर करून पाहा. सा, ग, प वाजवा आणि सा वरचं बोट उचला. ग आणि प दोघेच उरले की ते आनंदाच्या घरातले वाटतच नाहीत, कोमल गंधाराच्या, म्हणजे त्या उदास घरची माणसं वाटतात. अशा चार जागा तिने मुद्दाम ठेवल्या होत्या. नायकाकडे हवा भरपूर असताना बुडबुडे क्वचित, तेव्हा त्या जागा बहुधा नुसत्याच निघून जात. हवा संपत आली की बुडबुडे दर सेकंदाला, मग पुढच्या प्रत्येक जागी सावली पडे. उदास गाणं वेगळं लिहिलेलं नव्हतं. त्यासाठी मी एक आकडाही जास्त घातला नव्हता. पोरगं बुडत चाललं की तेच गाणं आपोआप खिन्न व्हायचं. मी गणिताची बाई, मला रडायला येत नाही, पण मी चष्मा पुसला. उकाडा होता.

आठव्या दिवशी दुपारी नोनोगाकीसान जेवणाचा डबा घेऊन खोलीत आले. डब्यात झणझणीत आल्याचे पाव होते, ते त्यांनी उघडले आणि बाजूला ठेवले. पंखा बंद केला. नायकाला पाण्यात उतरवलं आणि पोहायला लावण्याऐवजी तळाशी नेऊन उभा केला. मासे येत-जात राहिले. बुडबुडे दाट झाले, सावल्या पडायला लागल्या, हवा संपली, नायक मेला. त्यांनी पुन्हा उतरवला. पुन्हा तसाच उभा केला. पुन्हा मेला. असं सहा वेळा. तोकिको दाराजवळ उभी होती, हात एप्रनमध्ये. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं म्हणून मी बगळे मोजले.

सातव्या वेळी ते म्हणाले, "टेप लावा. पोहणाऱ्याशिवाय. पूर्ण ऐकायचंय."

मी लावली. अगदी शेवटी, पन्नासाव्या सेकंदाच्या आसपास, गाणं पहिल्यापासून सुरू होण्याआधी, एक गोष्ट घडते. इतका वेळ अधांतरी असलेला खालचा सूर एकदाच, एकदाच सा-वर येऊन टेकतो. पाय टेकतात. वाळू लागते. आणि लगेच गाणं पुन्हा वर उचललं जातं. मी हे आकडे स्वतः घातले होते, तरी मला ते ऐकू आलं नव्हतं, कारण खेळात तिथवर कुणी पोहोचतच नव्हतं. हवा चाळीस सेकंदांची. चाळीस सेकंदांत वर यायचं नाहीतर मरायचं, आणि वर आलं की दुसरं गाणं.

नोनोगाकीसाननी तिला विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं?

"हो."

"कुणालाही ऐकू येणार नाही असा सूर कशाला लिहिलात?"

  बाहेर कुणीतरी बाजारात टरबुजांची गाडी ढकलत होतं.

"गाण्याला तरी माहीत पाहिजे ना, खाली तळ आहे ते," ती म्हणाली. "नाहीतर ते घाबरून वाजेल."

त्यांनी एक पाव तोंडात घातला. चावत राहिले. आता मार्च येणार, असं मला वाटलं. आठ वर्षं दुकानात अर्धी गाणी वाजवणारी बाई पुन्हा ओनोमिचीच्या गाडीत बसणार, आणि मी तिला स्टेशनवर पोचवायला जाणार नाही, कारण मला ते जमत नाही, असंही मनात येऊन गेलं.

"ताकेनाकासान," ते मला म्हणाले, "हवा कुठे लिहिलीय?"

मी जागा दाखवली.

"साठ करा."

खेळ आखणारा हाताकेदा दुसऱ्या खोलीतून धावत आला. त्याचं म्हणणं रास्त होतं. साठ सेकंद हवा दिली तर शेंबडं पोरही तो भाग पार करेल, महिनाभर आखलेली अडचणच संपली. एका गाण्यासाठी खेळ बदलतात का? नोनोगाकीसान म्हणाले की नाही बदलत, मी अठरा वर्षं ट्रॉम्बोन वाजवला, माझ्यासाठी कुणी नाचाची एक गिरकी लांबवली नाही. पण पोरं तिथे थांबणार आहेत. थांबणाऱ्याला मारायचं की ऐकू द्यायचं, एवढंच ठरवायचंय. तुझी अडचण कमी होत असेल तर जेलीफिश वाढव.

हाताकेदा तणतणत गेला. मी चाळीस खोडून साठ घातले. तोकिको तिथेच दाराजवळ खाली बसली, गादीला पाठ लावून, आणि तिला झोप लागली. खरी झोप, डोळे मिटून. नोनोगाकीसाननी उरलेले पाव तिच्याजवळ ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, उठली की सांगा, एक तारखेपासून कायम. आणि हौदात केस बुडवायचे नाहीत, स्नानगृहाच्या मालकिणीचा इथे फोन आला होता.

ती त्या खोलीत चोवीस वर्षं होती. पुढे यंत्रांना आठ सूर आले, सोळा आले, मग अख्खा वाद्यवृंद आला, आणि ती म्हणायची की आता काही पळून जात नाही, त्यामुळे काय ठेवायचं तेच कळत नाही. लग्न केलं नाही. गार शेवया सोडल्या नाहीत. चार वर्षांपूर्वी वसंतात ती गेली, ओनोमिचीतच, आजारी फार नव्हती.

हाताकेदाने मात्र रागाच्या भरात एकोणीस जेलीफिश वाढवले होते. त्या खेळातला समुद्राचा भाग उगीच इतका अवघड का, असं लोक अजून एकमेकांना विचारतात. त्याचं कारण हे.